कुप्पुरावांचे वक्ते

एखाद्याच्या घरून बाहेर पडल्यावर कुप्पुराव म्हणाले, "कॉफी फार चांगली होती," की समजायचं, तो माणूस नापास झाला. हे माझ्या लक्षात यायला बरेच दिवस लागले. आधी मला वाटायचं, म्हातारा कॉफीचा शौकीन आहे, चार घरची कॉफी प्यायला मिळते म्हणून ही उठाठेव करतो. प्रत्यक्षात ती त्यांची परीक्षा घेण्याची रीत होती. समोरचा माणूस बोलायला लागला आणि टंबलर रिकामा झाला तरी कॉफीची चव कळलीच नाही, तर तो आमच्या मंडळींपुढे तासभर बोलायला लायक. चव कळली तर नाही. साखर कमी पडली आहे हेसुद्धा कळलं, तर मग पुन्हा त्या गल्लीत पाऊल टाकायचं नाही.

आमची मंडळी म्हणजे चेन्नईतल्या बागवेड्यांचा एक गट. त्याला लांबलचक इंग्रजी नाव होतं, पण सगळे 'तोट्टम ग्रुप' म्हणायचे. तोट्टम म्हणजे बाग. मी केंद्र सरकारच्या एका हिशेबखात्यात होते, बदली होऊन नुकतीच चेन्नईला आले होते. क्वार्टर्सच्या गॅलरीत लावलेल्या मिरचीची पानं आकसून गोळा व्हायला लागली, तेव्हा ऑफिसातल्या एका बाईंनी मला या गटात नेऊन बसवलं. मिरची काही वाचली नाही, पण मी तिथे टिकले.

सभा भरायची ती एका कल्याणमंडपाच्या वरच्या मजल्यावर, जेवणाच्या हॉलमध्ये. मंडपाच्या मालकाला गुलाबांचं वेड होतं, म्हणून हॉल फुकट मिळे. अट एकच, त्या दिवशी लग्न नसावं. त्यामुळे पंचांगात ज्या दिवशी काहीही शुभ नाही, तो दिवस आमचा. आडी आणि मार्गळी या तमिळ महिन्यांत लग्नं नसतात, तेव्हा आमची चैन असे. तै महिना लागला की लग्नांचा असा सपाटा सुरू होई की सभा पुढे पुढे ढकलत न्यावी लागे. कुप्पुराव तमिळ पंचांग घेऊन बसत आणि मुहूर्त नसलेले दिवस शोधत. असं पंचांग पाहणारा माणूस मी त्याआधी पाहिला नव्हता.

वक्ते शोधायचे आणि विषय ठरवायचे, हे काम कितीतरी वर्षं कुप्पुरावांकडे होतं. अंगकाठी किडकिडीत, अर्ध्या बाह्यांचा पांढरा बुशशर्ट, खिशाला पेन, हातात काळी छत्री. छत्री एप्रिल-मे महिन्यांत तर हमखास. गिंडीच्या औद्योगिक वसाहतीत पंप बनवणाऱ्या एका लहानशा कारखान्याच्या खरेदी खात्यात त्यांनी जन्म घालवला होता. निवृत्त झाले तरी खरेदी सुटली नव्हती. वक्ता म्हणजे त्यांच्या लेखी माल होता. आधी सँपल पाहायचं, मग इन्स्पेक्शन, मग ऑर्डर.

ते तंजावरकडचे मराठी. पूर्वज कधीकाळी तिकडे गेले आणि तिथलेच झाले. घरात अजून मराठी बोलत, पण ती जुन्या कागदपत्रांतली मराठी तमिळ हेल काढून वाचावी तशी. पहिल्या भेटीत मी त्यांना काका म्हटलं, तर म्हणाले, ते तेवढं नको, इथे काक्का म्हणजे कावळा. मग बाकीच्यांसारखी मीही त्यांना मामा म्हणू लागले. माझी मराठी ऐकून ते म्हणाले होते, "तुमची भाषा रेडिओची आहे, बाई. आमची स्वयंपाकघरांतली."

माझ्याकडे स्कूटी होती हे कळल्यावर त्यांनी मला इन्स्पेक्शन पार्टीत घेतलं. पार्टीत आम्ही दोघंच. मागच्या सीटवर छत्री आडवी धरून ते ताठ बसत आणि वळण आलं की माझ्याआधी हात दाखवत. कोणाकडेही न कळवता जायचं, हा नियम. कळवून गेलं की लोक कुंड्या पुसून ठेवतात आणि वाक्यं पाठ करून ठेवतात, असं त्यांचं म्हणणं होतं.

एकदा वनस्पतिशास्त्राच्या एका निवृत्त प्राध्यापकांकडे गेलो. मोठा विद्वान माणूस. त्यांनी 'मानवी जीवनात वृक्षांचं महत्त्व' असा विषय सुचवला आणि तिथेच अर्धा तास बोलले. कुप्पुराव सगळं ऐकत होते. मग त्यांनी फार आदराने विचारलं, घरच्या झाडांना पाणी कोण घालतं? प्राध्यापक म्हणाले, ते काम बाई बघते. जिना उतरताना कुप्पुराव मला म्हणाले, कॉफी फार चांगली होती. मी म्हटलं, मामा, एवढा शिकलेला माणूस आहे, विषय बदलून बोलवू या. त्यावर त्यांनी मला त्यांचं विषयांबद्दलचं तत्त्व ऐकवलं.

"महत्त्व वगैरे म्हटलें कीं अस्के मान हलवतात आणि घरीं जातात. विषयांत भांडण पाहिजे, बाई. कढीपत्त्याला ताक घालावें कीं नाहीं? हा विषय."

अस्के म्हणजे सगळे. कढीपत्त्याचा विषय त्यांनी खरंच ठेवला होता, आणि ताक घालणारे आणि न घालणारे यांच्यात हॉलमध्ये जी जुंपली ती खाली बसस्टॉपपर्यंत चालू होती. दोन बाया त्यानंतर वर्षभर एकमेकींशी बोलत नव्हत्या. कुप्पुरावांच्या हिशेबी तो दिवस यशस्वी झाला.

आणखी एकदा आम्ही पार शहराबाहेर, इरुंगाट्टुकोट्टैला गेलो, बसने. तिथे गाड्यांचे सुटे भाग करणाऱ्या एका कारखान्यात त्यांच्या जुन्या ओळखीचा एक अधिकारी आवारातल्या झाडांचं काम बघत होता. त्याने आम्हाला आवार फिरवून दाखवलं. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना मोठमोठ्या पाहुण्यांच्या हातची झाडं, प्रत्येकासमोर नावाची पाटी. कुप्पुरावांनी विचारलं, सगळी जगली? तो गृहस्थ इकडे तिकडे बघून हसला. म्हणाला, एकही नाही. पाहुणे भर उन्हाळ्यात येतात, खड्डा वीतभर असतो, फोटो झाला की पाणी घालायला कोणी नसतं. झाड मेलं की तो रोपवाटिकेतून तसंच दुसरं आणून पाटीच्या मागे लावायचा. एका पाहुण्यांचं झाड त्याने पाचव्यांदा लावलं होतं, आणि ते पाहुणे मध्यंतरी येऊन, माझं झाड किती वाढलं, म्हणून त्याच्याजवळ उभे राहून गेले होते. कुप्पुरावांच्या हातातली कॉफी निवून वर साय धरली तरी त्यांनी ती तोंडाला लावली नाही. 'पाहुण्यांनी लावलेली झाडं का मरतात' असा विषय तिथल्या तिथे ठरला.

ते व्याख्यान तुफान झालं. लोक हसून बेजार झाले, प्रश्नांवर प्रश्न. मी मात्र त्या दिवशी पहिल्यांदा एक गोष्ट पाहिली. प्रश्नोत्तरं चालू असताना कुप्पुराव वक्त्याकडे पाहत नव्हते. ते दाराशी उभे राहून तिसऱ्या रांगेत बसलेल्या स्वतःच्या बायकोकडे पाहत होते.

अंबुजाबाई, म्हणजे सगळ्यांच्या मामी, यांचा एके काळी आमच्या गटात दरारा होता. हे मी जुन्या लोकांकडून ऐकलं. ठेंगणी, सावळी बाई, नाकात दोन्ही बाजूंना हिऱ्याच्या चमक्या, मांडीवर पिशवी घट्ट धरलेली. व्याख्यान संपलं की त्या उभ्या राहात आणि एकच प्रश्न विचारत, तोही चार-पाच शब्दांचा. "तुमच्या घरी करून पाहिलं का?" किंवा "किती झाडांवर?" एवढंच. त्यावर भलेभले वक्ते पाणी प्यायला लागत. गटातले लोक व्याख्यानाला कमी आणि त्या प्रश्नाला जास्त येत, असंही मला कोणी सांगितलं. मी गटात आले तोवर ते सगळं थांबलं होतं. मामी येत, तिसऱ्या रांगेत बसत, शेवटपर्यंत ऐकत आणि उठून जात.

का थांबलं, ते कुप्पुरावांनीच मला सांगितलं. नंगनल्लूरला त्यांचं स्वतःचं घर होतं, मागे मोठं अंगण. त्या अंगणात मामींनी चाळीसएक वर्षं खपून बाग केली होती. प्राजक्त, नारळ, दोन प्रकारची जाई, आणि मधोमध, विहिरीशेजारी, रुमाणी जातीचा आंबा, त्यांनी कोय रुजवून वाढवलेला. नंगनल्लूरमध्ये तेव्हा जो तो घर पाडून प्रमोटरला, म्हणजे बिल्डरला, देत होता. यांनीही दिलं. कुप्पुरावांनी जन्माचं कसब पणाला लावून करार केला. दोन फ्लॅट, लिफ्ट, बोअरवेल, कोणत्या कंपनीचे नळ बसवायचे इथपर्यंत सगळं कलमात घातलं. आंबा राहील असं प्रमोटर तोंडी म्हणाला होता. ते मात्र लिहून घ्यायचं राहिलं. जन्मभर पंपाच्या नटबोल्टांचीसुद्धा अट कागदावर घेणाऱ्या माणसाकडून हे राहिलं. दोघं शेजारच्या गल्लीत भाड्याने राहात होते. एकदा बांधकाम बघायला गेले, तर आंबा नव्हता, तिथे खडीचा ढीग होता.

मामी काही बोलल्या नाहीत. भांडल्या नाहीत, रडल्या नाहीत. फ्लॅटमध्ये गेल्यावर गॅलरीत एक कुंडीसुद्धा ठेवली नाही. घरात, भाजी काय करू, एवढंसुद्धा विचारीनाशा झाल्या. जे करायचं ते करून मोकळ्या. फक्त सभेला येणं त्यांनी सोडलं नव्हतं, आणि कुप्पुरावांची सगळी आशा त्यावर टिकून होती.

"ती एक प्रश्न विचारूं दे, बाई," ते म्हणाले. "कोणालाही, कसलाही. मग मी हें काम सोडतों."

आम्ही तेव्हा मांबळमच्या एका हॉटेलात उभ्याने कॉफी पीत होतो. ते छत्रीच्या मुठीकडे बघत बोलले. मला फार वाईट वाटलं. आंबा हा विषय ते कधीच का ठेवत नाहीत, उन्हाळ्यात लोक मागे लागले तरी टाळतात, हेही मला तेव्हा समजलं असं वाटलं. बायकोच्या जखमेवर मीठ नको, म्हणून. त्यांच्याबद्दलचा माझा आदर वाढला.

त्यानंतर त्यांचे वक्ते बिघडायला लागले. म्हणजे लोकांच्या दृष्टीने. चांगल्या माणसापुढे मामी बोलत नाहीत, तर चुकीचं बोलणारा माणूस आणावा, असं त्यांच्या मनाने घेतलं. इतक्या वर्षांत जे सँपल ते पहिल्या घोटाला परत करत, तेच आता निवडून आणू लागले. एका निवृत्त इंजिनिअरांकडे आम्ही गेलो. ते म्हणाले, जास्वंदीवर पांढरी कीड पडली की पहाटे झाडाजवळ वीणेची कॅसेट लावायची, आठवड्यात झाड साफ. गच्चीवर त्यांनी कुंड्यांच्या मधोमध टेपरेकॉर्डर ठेवला होता, त्यावर प्लॅस्टिकची पिशवी. मला हसू आवरेना. बाहेर आल्यावर कुप्पुरावांनी कॉफीबद्दल चकार शब्द काढला नाही. हा चालेल, म्हणाले.

मी म्हटलं, मामा, हा शुद्ध वेडेपणा आहे.

"म्हणून दां," ते म्हणाले. दां म्हणजे आपला 'च'. "हें ऐकून ती गप्प बसेल कां?"

मामी गप्प बसल्या. बाकी कोणी बसलं नाही. कीड कोणता राग ऐकून मरते, इथपासून चिडवाचिडवी सुरू झाली, आणि त्या इंजिनिअर गृहस्थांना शेवटी मागच्या जिन्याने उतरवावं लागलं. दुपारच्या उन्हात पाणी घालावं म्हणणारा एक आला. नारळ कुंडीत वाढवतो म्हणणारा एक आला, त्याने नारळ सोबत आणला होता, तो वाण्याच्या दुकानातला होता. कुप्पुराव दाराशी उभे, डोळे तिसऱ्या रांगेवर. मामी पिशवी धरून वक्त्याकडे बघत असत, अगदी लक्ष देऊन, आणि तोंड मिटलेलं.

लोक कुरकुर करायला लागले. लांबून दोन-दोन बस बदलून यायचं आणि हे ऐकायचं? रावमामांचं वय झालं, असं पाठीमागे बोलणं सुरू झालं. मी एक-दोघांना खरं कारण सांगण्याच्या बेतात होते, पण ते त्यांचं घरचं होतं, मी सांगणं बरं दिसलं नसतं. शेवटी कार्तिक नावाचा एक आयटीवाला तरुण पुढे आला. तो सभ्य मुलगा होता, आणि गच्चीवर खरोखरच उत्तम वांगी पिकवायचा. ईमेलने कळवू, प्रोजेक्टर आणू, चांगले व्यावसायिक लोक बोलवू, असं तो म्हणाला. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. कुप्पुरावांना शाल दिली गेली. ते त्या दिवशी दाराशी उभे न राहता शेवटच्या रांगेत, भिंतीला टेकून बसले. चेहऱ्यावर काही नव्हतं, पण मला ते एकदम म्हातारे दिसले. हातातलं काम गेल्याचं दुःख नव्हतं ते. मामींना बोलतं करायचा त्यांच्याजवळचा एकुलता एक मार्ग बंद झाला होता.

कार्तिकचा पहिला वक्ता एक लँडस्केप कन्सल्टंट होता. टाय लावून आला, इंग्रजीत बोलला, विषय होता 'अपार्टमेंटमधली बाग'. कुप्पुरावांनी याची कॉफी दोन घोटांत ओळखली असती. पडद्यावर एकामागून एक फोटो. आधीचं आवार, नंतरचं आवार. एका फोटोत जुन्या घराचं अंगण होतं, मधे मोठा आंबा. पुढच्या फोटोत फरश्या, पामची रांग, पार्किंगच्या पांढऱ्या रेघा. तो म्हणाला, आंबा काढावा लागला, मुळं पाण्याच्या टाकीला त्रास देतात, पालापाचोळाही फार. चार-सहा जणांनी माना हलवल्या. शेवटी, कोणाला काही विचारायचं आहे का, असं कार्तिकने विचारलं.

मामी उभ्या राहिल्या.

हॉलमधले जुने लोक सावरून बसले. मी मागे वळून पाहिलं, कुप्पुराव भिंतीपासून पुढे सरकले होते. मामींनी तमिळमध्ये विचारलं, "ते झाड तोडलं, तेव्हा मोहोर होता का?"

कन्सल्टंटला प्रश्न नीट कळला नाही. कार्तिकने तो इंग्रजीत करून सांगितला. तो हसून म्हणाला, सॉरी मॅडम, त्या दिवशी मी साइटवर नव्हतो. मामी खाली बसल्या नाहीत. उत्तर मिळालेलं नव्हतं, म्हणून तशाच उभ्या राहिल्या.

तेव्हा शेवटच्या रांगेतून कुप्पुराव बोलले. त्यांच्या घरच्या मराठीत, हळू आवाजात.

"होता," ते म्हणाले. "आपल्या झाडाला होता. भरून आला होता. मी तिथें होतों."

मामी वळल्या.

"गाडी उभी करायला जागा पुरेना, म्हणून प्रमोटरानें मला बोलावून विचारलें. म्या सरि म्हटलें."

सरि म्हणजे ठीक आहे. त्या भरल्या हॉलमध्ये हे दोघं आणि मी, एवढ्यांनाच ते कळलं. बाकीच्यांना वाटलं, म्हातारा बायकोला खाली बस म्हणतोय. कार्तिकने घाईघाईने आभार मानले, पंखे मोठे केले, आणि लोक कॉफीकडे गेले. मी जागच्या जागी बसून राहिले. मला कुप्पुरावांचा राग आला. इतकी वर्षं त्यांनी तिच्यापुढे, आणि माझ्याहीपुढे, सगळा दोष प्रमोटरवर ढकलला होता. आणि त्याच वेळी त्यांची कणवही आली, कारण तिने प्रश्न विचारावा म्हणून सगळं शहर पालथं घालताना, पहिला प्रश्न हाच येईल हे त्यांना ठाऊक नसेल असं मला वाटत नाही.

त्याच महिन्यात माझी बदली नागपूरला झाली. पुढे कोणीतरी कळवलं, ते दोघं मुलीकडे कोइंबतूरला राहायला गेले. त्यामुळे त्या संध्याकाळी पाहिले तेच शेवटचे.

मी खाली आले तेव्हा मंडपाच्या दाराला दुसऱ्या दिवशीच्या लग्नासाठी केळीचे खांब बांधायचं काम चालू होतं. बाजूला रचलेल्या प्लॅस्टिकच्या खुर्च्यांपैकी एक ओढून मामी बसल्या होत्या. कुप्पुराव समोर उभे होते, छत्री दोन्ही हातांनी धरून. एक रिक्षा येऊन थांबली, त्यांनी मामींकडे पाहिलं, मामी हलल्या नाहीत, रिक्षा गेली. एरवी मी थांबून काही तरी बोलले असते. त्या दिवशी गुपचूप स्कूटी काढली. ती ढकलत त्यांच्या शेजारून जाताना मामींचा आवाज ऐकू आला. आधी दोर बांधला की आधी फांद्या उतरवल्या, असं त्या विचारत होत्या. आधी फांद्या, कुप्पुराव म्हणाले. कोणत्या बाजूच्या, मामींनी विचारलं. विहिरीच्या बाजूच्या, ते म्हणाले, आणि मामींनी लगेच पुढचा प्रश्न विचारला.